एक दिवसाआड

"ही?" औषधवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं चुकून दुसऱ्याच कुणाच्या घराचा पत्ता विचारला असावा. "ही कधीपासून घ्यायला लागलात तुम्ही?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्यापासून हीच घेतो मी."

"नाही हो. वहिनी ती दुसरी नेतात. थांबा, दाखवते." त्यांनी मागचा खण ओढला आणि काचेवर एक पट्टी टाकली. साधी, चंदेरी, वर निळ्या शाईत काहीतरी बारीक छापलेलं. "ही बघा. वर्ष उलटून गेलं असेल की. औषध तेच आहे, नुसती कंपनी वेगळी. किंमत म्हणाल तर पाव. वहिनी हुशार आहेत. काय देऊ मग?"

मागे उभा असलेला माणूस खाकरला. त्याला खोकला झाला होता की घाई, ते कळलं नाही. "पहिलीच द्या," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला जरा उंच लागलेला वाटला, तार अर्धा पीळ जास्त पिळल्यासारखा. बाईंनी खांदे उडवले, पाकीट काढून दिलं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यानं कठड्याला हात लावला. एरवी तो लावत नसे. रस्ता नेहमीचाच होता, चपला दुरुस्त करणारा कोपऱ्यावर बसला होता, समोर कुणीतरी गाडी धूत होतं, आणि त्याच्या डाव्या कानात, अगदी आत, एक बारीक ठोका सुरू झाला होता.

तो ध्वनिमुद्रक होता. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या खोलीत त्याची उमर गेली होती. कानाला लावायचे ते हेडफोनचे दोन मोठे वर्तुळाकार पंजे काढले की तिथे केसांवर वळ दिसायचे. तरुण मंडळी त्याला कानकाका म्हणायची. नवा माइक आणला की आधी त्याच्यापुढे ठेवायचे. तो डोळे मिटून दोन वाक्यं ऐकायचा आणि सांगायचा, हा खरा. हा खोटा, वरची जाळी तेवढी त्या कंपनीची, आतलं काळीज दुसऱ्या कुणाचं तरी आहे. यात तो सहसा चुकत नसे, आणि चुकत नाही याचा त्याला मनातून ताठा होता. दुकानदार शपथा घ्यायचे, बिलं दाखवायचे, तो नुसता मान हलवायचा. आणि आता वर्षभर, रोज सकाळी, त्याच्या स्वतःच्या जिभेवर एक वेगळीच वस्तू ठेवली जात होती, ती तो पाण्याबरोबर गिळत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

खरं म्हणजे तो गोळीकडे बघतच नसे. स्वयंपाकघरातल्या कपाटात एक लांबट डबी होती, सात झाकणांची. आठवड्याची भरायचं काम बायकोचं. रविवारी चहा झाला की ती टेबलाशी बसायची आणि एकेक झाकण उघडून टक टक टक मिटत जायची. तो पलीकडच्या खोलीतून तो आवाज ऐकायचा आणि त्याला बरं वाटायचं, कुणीतरी घराच्या खिडक्या नीट लावून घेतंय असं. सकाळी झाकण उघडायचं, तळहातावर ओतायचं, नजर खिडकीबाहेर, मान मागे. सुई टोचून घेताना माणसं तोंड फिरवतात तसा तो गोळी घेताना फिरवायचा. ही पांढरी, ती पांढरी. बघितलं असतं तर कळलं असतं. पण न बघण्यातच त्याची सगळी शिस्त होती. आता बायको भावाकडे गेली होती, भावजयीचं ऑपरेशन झालं म्हणून. जाताना तिनं डबी भरून ठेवली होती. पण भावजयीला ताप आला, मुक्काम लांबला, आणि डबीची सगळी झाकणं रिकामी झाली. तिला कशाला फोन करायचा, तिच्या मागे काय कमी व्याप आहेत, म्हणून तो स्वतःच दुकानात गेला. इतकंच झालं होतं. एवढ्याशा शहाणपणानं हे सगळं उघड्यावर आणलं होतं.

घरी येऊन त्यानं नव्या पाकिटातली गोळी काढली, या वेळी नीट बघून. मधोमध रेघ. कडेला अगदी बारीक अक्षर. ही खरी. ती घेऊन तो खुर्चीत बसला आणि वर्षभराचा हिशेब आपोआप मागे उलगडत गेला. स्टुडिओच्या जिन्यावर एकदा भोवळ आली होती. तेव्हा वाटलं, उपाशीपोटी आलो म्हणून. एकदा बँकेत सही करताना पेन बोटातून निसटलं होतं. एकदा जुन्या शेजाऱ्याचं नाव जिभेवर येऊन परत गेलं होतं आणि संध्याकाळपर्यंत आलं नव्हतं. तेव्हा या गोष्टी सुट्या सुट्या होत्या, वाऱ्यानं आलेल्या कागदासारख्या. आता कुणीतरी त्या एका दोऱ्यात ओवल्या. डोळ्यांवर येणारी झापड, उजव्या पायाला येणाऱ्या मुंग्या, पहाटेची धडधड. मी वर्षभर उघड्यावर होतो, त्याला वाटलं. छप्पर आहे असं समजून झोपत होतो.

वडिलांना अंडं लागायचं, उकडलेलं, सकाळी कचेरीत जायच्या आधी. त्या सकाळी ते टेबलाशी बसले, अंड्याचं कवच सोललं, आणि त्याला म्हणाले, "किल्ली दे." तो तेव्हा शाळकरी, दप्तर भरत होता. त्यानं खिळ्यावरची कपाटाची किल्ली आणून दिली. वडिलांनी ती बाजूला सारली. "किल्ली रे." त्यानं दाराची आणली. मग सायकलची, मग ट्रंकेची, मग कशाची ते कुणालाच माहीत नसलेली एक गंजकी. वडील चिडत गेले. त्यांचा चेहरा लाल झाला, एका बाजूनं जरा सैल पडला, आणि ते हातानं अंड्यावर काहीतरी भुरभुरवल्यासारखं करून दाखवू लागले. तेव्हा आईला कळलं आणि तिच्या हातातलं भांडं खाली आलं. त्यांना मीठ हवं होतं. माणूस तोच, आवाज तोच, खालच्या पट्टीतला, घशात किंचित घासणारा. फक्त शब्द बदलले होते. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात काका आईला म्हणाले, "कुठलं तरी स्वस्तातलं औषध आणलं असशील. चार पैसे वाचवलेस, आता बघ." आई काही बोलली नाही. तिनं नुसता पदर दातात धरला. खरं काय होतं ते त्याला कधीच कळलं नाही. आईला विचारायचं धाडस झालं नाही, आणि मग विचारायला आई उरली नाही. पण काकांचं ते वाक्य त्याच्यात राहिलं. पुढं त्याचं स्वतःचं प्रेशर वर निघालं तेव्हा ते वाक्य जागं झालं, आणि डॉक्टरांनी, "हीच गोळी स्वस्तातही मिळते, लिहून देऊ का?" असं विचारलं तेव्हा तो त्यांच्या अंगावर जवळजवळ ओरडलाच होता. "माझ्या जिवाशी खेळ नको." बायको शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तीही तेव्हा काही बोलली नव्हती.

आणि गप्प राहून तिनं हे केलं होतं. राग यावा म्हणून त्यानं वाट पाहिली. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाला निदान तोंड असतं, कुणाकडे तरी वळता येतं. पण राग येता येता मध्येच विरघळायचा आणि खाली तोच ठोका उरायचा. त्यानं कपाटातून प्रेशरचं मशीन काढलं. दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा फुगत गेला, हाताला घट्ट, आणखी घट्ट, कुणीतरी कानाशी येऊन सांगायच्या आधी दंड धरावा तसा. आकडा आला. वर होता. कित्येक महिन्यांत इतका वर गेला नव्हता. त्यानं पाच मिनिटं डोळे मिटून श्वास मोजले आणि परत बघितलं. आणखी वर. मग पाणी पिऊन. मग दुसऱ्या हातावर. प्रत्येक वेळी मशीन तोच निर्विकार आवाज करून त्याला आधीपेक्षा जरा वाईट बातमी देत होतं. आपल्यात काहीतरी साचलंय, वर्षभर साचत आलंय, आणि आता खरं औषध मिळालं तरी उशीर झाला, असं त्याला स्पष्ट वाटलं.  त्यानं पाकिटातली आणखी एक गोळी काढली आणि घेतली. मागची भरपाई म्हणून.

दुसऱ्या दिवशीही त्यानं तेच केलं, आणि तिसऱ्या. बायकोचा फोन यायचा. "जेवलास का?" "जेवलो." "गोळी?" "घेतली." तिच्या आवाजात काही लपवल्याची खूण सापडते का म्हणून तो ऐकायचा. सापडायची नाही. तिचा आवाज सपाट, जरा दमलेला, मागे भांड्यांचा खडखडाट. तिला विचारावं असं दहा वेळा त्याच्या ओठांवर आलं, आणि दहाही वेळा त्याला वाटलं, विचारता विचारता एखादा शब्द भलताच निघाला तर? वस्तूंची नावं पुटपुटून बघायची त्याची जुनी सवय होती; आता घरात एकटा फिरताना तो ती मोठ्यानं म्हणू लागला होता. खुर्ची. पडदा. चमचा. नळ. सगळी बरोबर यायची. पण वडिलांनाही किल्ली बरोबरच वाटली होती की.

त्या आठवड्यात स्टुडिओत एका लिफ्टच्या कंपनीचं काम होतं. निवेदिका काचेपलीकडे बसली होती आणि तो अलीकडे, कान झाकून. "दरवाजे बंद होत आहेत. कृपया मागे सरका." "पुन्हा," तो म्हणायचा. "'मागे'वर जरा कमी जोर." "दरवाजे बंद होत आहेत. कृपया मागे सरका." दोन वाक्यांच्या मध्ये निव्वळ शांतता. ही शांतता त्याला आवडायची; तिच्यासाठीच तर गाद्या, दुहेरी दारं, सगळा खटाटोप. पण आज ती रिकामी नव्हती. तिच्या तळाशी त्याचं रक्त होतं. आधी दूर, मग जवळ; एक जड, ओलसर चाल, कुणीतरी मोठं जनावर चिखलातून येत असावं तशी. त्याला वाटलं, हे टेपवर येत असणार. त्यानं वाक्य परत लावून ऐकलं. नव्हतं. त्यानं आवाज वाढवला. नव्हतं. "काय झालं?" निवेदिकेनं विचारलं. "कुठं काही येतंय का?" "नाही, नाही. एकदा घ्या पुन्हा." "दरवाजे बंद होत आहेत," ती म्हणाली, आणि तो खुर्चीवरून उठायला गेला, कशाला ते पुढं त्याला आठवलं नाही, आणि खोली बाजूंनी काळी होत आत आली. पाय होते तिथं काहीच नव्हतं. पडताना त्याला एकच विचार आला, अगदी शांतपणे. आलं हे. कपाळ टेबलाच्या कडेला लागलं आणि कानावरचे पंजे निघून लोंबकळत राहिले. त्यातून निवेदिकेचा आवाज येत होता, लहान, कुठल्या तरी डब्यातून आल्यासारखा. "काका? अहो काका?"

त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. निवेदिकेनं आणि बाहेरच्या दोघांनी त्याला नेलं. वाटेत तो पुटपुटत होता: दिवा, दगड, सायकल, फाटक. निवेदिकेला वाटलं, भ्रमात आहे. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, शब्दही तसेच. त्यांनी पट्टा बांधला, सोडला, परत बांधला, आणि पाय उशांवर चढवून त्याला आडवं ठेवलं. कपाळावर पट्टी लावली. मग स्टूल ओढून बसल्या.

"किती घेतल्या?"

"दोन," तो म्हणाला. "कधी कधी तीन."

"का?"

"मधलं वर्ष भरून काढायला."

हे त्यांना कळायला वेळ लागला. तो अडखळत सगळं बोलला. दुकान, चंदेरी पट्टी, बायको. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मग त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरताना माणसाच्या गालाचं जे होतं ते त्यांच्या गालाचं झालं.

"तुम्हाला काही झालेलं नाही. प्रेशर जमिनीला टेकलंय, एवढंच. एकाच्या जागी तीन घेतल्यावर टेकणारच. आता नीट ऐका. ती गोळी मीच लिहून दिली होती. तुम्ही ओरडून गेलात, दोन दिवसांनी तुमच्या मिसेस एकट्या आल्या. म्हणाल्या, स्टुडिओनं यांचे तास कमी केलेत, महागडी झेपणार नाही, काय करू? मी म्हटलं, ही द्या. आतलं औषध तेच, तेवढंच. वर्षभर तुम्ही तपासायला येताय, एकदा तरी आकडा वाईट आला?"

"नाही."

"मग?"

"आता का चढला होता?"

"तुम्हाला कळलं म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची भीती चढली होती, तिच्याबरोबर तो चढला. अहो, वाचवायला हरकत नाही. अशी साधी कंपनी घ्या. दोन औषधं चालू असतील तर दोन्ही मिळून एक गोळी येते का ते मला विचारा. महिन्याच्या ऐवजी तीन महिन्यांचं एकदम घ्या, दुकानदार सूट देतात. चार दुकानांत भाव विचारा, त्यात लाज कसली? फक्त मनानं कमी करायची नाही, मनानं वाढवायची नाही. हेच तर मी त्यांनाही बजावलं होतं. पुरवून पुरवून खायला तो काही खाऊ नाही. बाकी त्या आहेत कशा? बरेच महिने फिरकल्या नाहीत. नव्या गोळीनं पायांची सूज उतरली का?"

"कुणाच्या?" त्यानं विचारलं.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं आणि नर्स त्याला काहीतरी दाखवून गप्प करत होती. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. त्यांनी स्टूल मागे घेतलं. "मी बोलायला नको होतं. आता बोलले आहे, तर त्यांना घेऊन या. लवकर. तुमच्यापेक्षा त्यांचं प्रेशर जास्त असायचं."

तासाभरानं त्याला उठू दिलं. निवेदिका म्हणाली, घरी सोडते. तो नको म्हणाला आणि बसमध्ये बसला, मेहुण्याच्या घराच्या दिशेच्या. दुपारची वेळ होती, बस अर्धी रिकामी. कपाळाची पट्टी बघून कंडक्टरनं त्याला पुढची जागा दिली. बायकोला त्यानं फोन लावला, वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. आणि तेव्हा, गेले कित्येक दिवस त्याच्या छातीत मुक्काम ठोकून बसलेली ती भीती उठली. गेली नाही, नुसती वळली. आजवर ती त्याच्याकडे तोंड करून बसायची. आता तिनं खिडकीबाहेर बघितलं, जिथं गल्ल्या मागे सरकत होत्या आणि कुठल्यातरी एका घरात फोन वाजत होता. आपल्याविषयीची भीती कशी असते ते त्याला पाठ होतं, तिची चव, तिचा ठेका. तिच्याशी जुनी ओळख होती. ही नवी होती. हिला धरायला कुठं मूठच नव्हती. स्वतःचा ठोका निदान ऐकता येतो.

बायको सकाळी डोक्याला घट्ट फडकं बांधायची. "डोकं चढलंय जरा," म्हणायची, आणि तो म्हणायचा, "झोप झाली नसेल." जिन्यात मध्येच थांबायची. "चपलेचा बंद बघते," म्हणायची, वाकायची, आणि बराच वेळ वाकलेली राहायची. तो वरच्या पायरीवर थांबून आपल्या छातीवर हात ठेवून धडधड बघायचा. एकदा तिनं अंगठी काढून ठेवली. बोट जाड झालंय, म्हणाली. म्हातारी झाले की रे. तो हसला होता. घरातल्या तिच्या चालण्याचा, श्वासाचा, कपाटाच्या बिजागरीचा एकेक आवाज त्याला ठाऊक होता. अंधारातून कुणी चालत गेलं तरी तीच हे तो सांगू शकला असता. पण तो इतकी वर्षं एकाच जागी कान लावून बसला होता, आपल्याच फासळ्यांशी. पाच-दहा फुटांवर एक बाई हळूहळू जड होत चालली होती आणि ते त्याच्या कोणत्याही टेपवर आलं नव्हतं.

मेहुण्यानं दार उघडलं. "अरे, भावोजी! हे कपाळाला काय?" तो उत्तर न देता आत गेला. "कुठाय?" "गच्चीत. कपडे वाळत घालतेय. अहो, पण झालं काय?" जिना अरुंद होता. तो धावतच चढला आणि वरच्या दारात डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून चौकट धरून उभा राहिला. ती होती. उभी होती. दोन्ही हात वर करून दोरीवर चादर पसरत होती, तोंडात चिमटा. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत वर उडाला, कारण हात खाली घेताना ती जरा झोकांडली आणि दोरी धरून सावरली. हे तिनं इतक्या सहज केलं, की सवयीचं असावं.

"तू इथं?" ती म्हणाली. चिमटा तिनं हातात घेतला. "कपाळाला काय झालं? पडलास? कुठं पडलास?"

"ते जाऊ दे. तुझी गोळी कुठाय?"

"माझी कसली गोळी?"

"डॉक्टरांनी सांगितलं मला."

 चादरीचं एक टोक तिनं ओढून सरळ केलं, चिमटा लावला, मग दुसरं टोक. मग सगळं करून झाल्यावर, करायला काहीच न उरल्यावर, बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"घेते मी," ती म्हणाली.

"रोज?"

"एक दिवसाआड."

"एक दिवसाआड!"

"ओरडू नकोस. वहिनी झोपलीय खाली." तिनं पायांकडे पाहिलं. पाय सुजलेले नव्हते, साधे होते, टाचांना भेगा पडलेल्या. "तुझी बदलली ना, तेव्हा त्यात माझी आरामात बसत होती. दोघांच्या दोन मिळून तुझ्या एका महागड्या गोळीपेक्षा कमीच. मग माझे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी दुसरी दिली, ती नवी निघालेली. ती साध्या कंपनीची मिळतच नाही अजून. एक महिना आणली. दुसऱ्या महिन्यात म्हटलं, जरा पुरवून घेऊ. मला काही होत तर नव्हतं."

"डॉक्टरांना सांगायचं. त्यांनी तिसरी दिली असती."

"सांगणारच होते. मग वहिनीचं हे निघालं."

"आणि मला?"

 शेजारच्या गच्चीत कुणीतरी रेडिओ लावला होता, त्यावर भाव सांगत होते, कसले ते ऐकू येत नव्हतं. "तुला सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "तू सकाळ-संध्याकाळ दोघांचे दंड आवळत बसला असतास. मी शिंकले तरी खुर्ची, पडदा, चमचा म्हणायला लावलं असतंस. ऐकते मी रे, तुला वाटतं मला ऐकू येत नाही. आपल्या घरात एकाच्या भीतीपुरतीच जागा आहे. ती तू आधीच धरून ठेवलीस. बसमध्ये रुमाल टाकतात तशी." ती हसली. हसताना तिनं कपाळाचा एक कोपरा बोटांनी दाबला.

"दुखतंय?"

"थोडं. कालपासून."

टॅक्सीत ती त्याच्याच पट्टीबद्दल विचारत राहिली. तो सांगत राहिला, नुसता तोल गेला, नुसता तोल गेला. त्याच्या मनात मात्र एकच होतं, की गाडी प्रत्येक चौकात लाल दिव्याशी थांबते आहे. दवाखान्यात नर्सनं पट्टा बांधला, आकडा बघितला आणि तोंडातून काही न काढता डॉक्टरांना बोलवायला गेली. तिच्या चालण्याचा वेग बदलला होता. डॉक्टर आल्या, स्वतः बघितलं, बायकोच्या डोळ्यांत उजेड टाकला, हात वर करायला लावले, हसायला लावलं. ती हसली, दोन्ही बाजूंनी सारखं हसली. डॉक्टरांनी एक गोळी दिली, पाणी दिलं, आणि पडद्यामागच्या खाटेवर तिला आडवं केलं. "तासभर बघू. उतरलं तर घरी, गोळ्या रोज, मी आता तुम्हाला दोन साधी औषधं देते, दोन्ही स्वस्तातली, त्या महागड्या गोळीऐवजी. नाही उतरलं तर मोठ्या हॉस्पिटलात. आणि भांडायचं नाही." शेवटचं त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या.

तो तास कसा गेला ते सांगता येणार नाही. तो खाटेजवळ स्टुलावर बसला होता. ती छताकडे बघत होती. बोलू नका म्हटलं होतं, म्हणून ते बोलत नव्हते. पडद्यापलीकडे लोक येत होते, जात होते, कुणाला खोकला, कुणाचे टाके काढायचे. त्याला वाटलं, तिला काहीतरी नाव विचारावं, पडद्याचं, दिव्याचं, नुसतं बरोबर येतं का बघायला. त्यानं विचारलं नाही. त्याचं स्वतःचं रक्त कानात धाडधाड चाललं होतं आणि आज पहिल्यांदा त्यानं ते चालू दिलं, शेजारच्या खोलीत कुणी कपडे आपटावेत तसं.

नर्स पट्टा घेऊन आली. बायकोनं हात पुढे केला, आणि मग अचानक मागे घेतला, छातीशी धरला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं तिच्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं. हे त्याचं वाक्य होतं. तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "काही होत नाही रे तुला," आणि हात पुसत आपल्या कामाला जायची. आता तिला काही होत नाही असं त्याला म्हणता येईना, कारण त्याला माहीत नव्हतं. नर्स थांबली होती. त्यानं स्टूल पुढं ओढलं आणि तिचा दुसरा हात घेतला. तो गार होता, ओला होता, त्याच्या हाताइतकाच.

"घाबर," तो म्हणाला. "मी बसलोय."

मग तिनं हात दिला. पट्टा फुगला, थांबला, हळूहळू सुटत गेला. नर्सनं आकडा वाचला आणि पडद्याबाहेर डॉक्टरांना हाक मारली. त्या हाकेत या वेळी घाई नव्हती. कुणाला चहा झाला म्हणून बोलवावं तितकीच साधी होती ती.

"काय आला?" बायकोनं विचारलं.

"उतरलंय."

"खरंच?"

"खरंच गं."

तेव्हा ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, पलीकडच्या बाकावर लोक बसले आहेत, ऐकताहेत, याची काही फिकीर न करता. आणि त्यानं तिला गप्प केलं नाही.